वहिवाट कोणाची? पुण्याच्या पेठा, पदपथ आणि हरवलेला गाडीखाना

१/
पुण्याच्या पेठांमधून चालताना एक मजकूर पुनःपुन्हा भेटतो : ‘दारासमोर गाडी लावू नये.’ कुठे विनंती असते, कुठे दम, तर कुठे चाकातली हवा सोडण्याचे आश्वासन. पुणेरी पाट्यांवर विनोद पुष्कळ झाले. परंतु या पाटीत एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक जण स्वतःच्या दाराचे रक्षण करतो. त्या दारापासून दोन पावलांवर असलेल्या पदपथासाठी पाटी लावणारा मात्र क्वचितच आढळतो.

२/
त्याचे फळ रोज दिसते. मोटारीची दोन चाके पदपथावर चढलेली असतात, तिच्यापुढे दुचाक्यांची रांग असते, आणि काठी टेकत निघालेल्या आजी वाहत्या रस्त्यावर उतरतात. चाकाची खुर्ची वापरणारा मनुष्य घराबाहेरच पडत नाही. यावर ठरलेले उत्तर असे : ‘करणार काय? गल्ल्याच पेशवाईतल्या. मोटारी येणार हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?’ हा धागा त्या उत्तराविषयी आहे. उत्तर इतिहासाचा हवाला देते, म्हणून ते इतिहासाच्याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

३/
आरंभ बराच मागे, असीरियाच्या निनेवे नगरात. इ.स.पू. ७०५ ते ६८१ या काळात राज्य करणाऱ्या सेन्नाखेरिब राजाने तेथील राजमार्ग रुंद केला आणि दोन्ही बाजूंना कोरीव शिळा उभारल्या. मजकूर स्पष्ट होता : हा मार्ग पुढे कधीही अरुंद होता कामा नये, जो कोणी नवे घर बांधताना त्याचा पाया या मार्गावर सरकवील, त्याला त्याच्याच घरावर सुळी दिले जाईल. शिक्षा अमानुष होती. परंतु रस्त्यावर कोणी पसरू नये म्हणून लावलेल्या पाटीचा इतका जुना नमुना लक्षात ठेवण्याजोगा आहे.

४/
रोममध्ये अडचण चाकांची होती. इ.स.पू. पहिल्या शतकात, ज्यूलियस सीझरच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या नगरकायद्याने सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे जवळजवळ दुपार सरेपर्यंत, शहरात मालगाड्या हाकण्यास मनाई केली. देवालयांच्या बांधकामाचे सामान वगैरे मोजके अपवाद होते. परिणामी गाड्या रात्री धावू लागल्या आणि त्यांच्या खडखडाटाने झोप उडते अशी तक्रार कवी जुव्हेनलने पुढे केली. उपाय निर्दोष नव्हता. पण दिवसाचा रस्ता आधी चालणाऱ्याचा, हा क्रम त्यात ठरलेला होता.

५/
आपल्याकडे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त याच विषयाची दंडसूची आहे. ग्रंथाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी सूचीतील दृष्टी निःसंदिग्ध आहे. लहान पशू आणि माणसे यांची वाट अडवणाऱ्यास १२ पण दंड. मोठ्या पशूंची वाट अडवल्यास २४ पण. गल्लीत माती-केर टाकल्यास एक अष्टमांश पण, चिखलपाणी तुंबवल्यास पाव पण. आणि हेच राजमार्गावर केल्यास दुप्पट. केर टाकण्याहून वाट अडवणे किती पटींनी मोठा अपराध मानला गेला, हे आकडेच सांगतात.

६/
येथे सावध राहिले पाहिजे. नियम लिहिला गेला याचा अर्थ तो पाळला गेला असा होत नाही. उलट, लोक घरे पुढे सरकवत होते आणि वाटा अडवत होते, म्हणूनच नियमांची गरज पडली. ‘पूर्वी सारे शिस्तीत होते’ असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. निष्कर्ष एवढाच : रस्ता ही जाण्यायेण्याची जागा आहे, कोणाची वस्तू साठवण्याची नव्हे, हे तत्त्व मोटारीहून कितीतरी जुने आहे.

७/
आता पुणे. कसब्याभोवती अठराव्या शतकात पेठा वाढत गेल्या. गल्ल्या, बोळ आणि आळ्या नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या नव्हत्या. वाडे उभे राहिले आणि त्यांच्या मधून वाटा उरल्या. तरीही ही बेवारशी जागा नव्हती. पेशव्यांच्या व्यवस्थेत कोतवालाच्या कामांमध्ये बाजारभाव, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदी आणि जमिनीचे खरेदीविक्री-व्यवहार यांच्या जोडीला रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीचे तंटे मिटवणे हेही होते. अर्थात गल्लीवरून तंटे होत असत आणि ते मिटवणारा अधिकारीही नेमलेला असे.

८/
मग त्या काळची वाहने कुठे उभी राहत? याचे उत्तर वाड्याच्या रचनेतच आहे. मोठा दरवाजा, त्यात माणसापुरती दिंडी, आत देवडी, पुढे चौक, आणि ऐपतीनुसार पागा किंवा गोठा. घोडा आत, पालखी आत, बैल आत. एखाद्या सरदाराने आपला घोडा रात्रभर शेजाऱ्याच्या भिंतीला बांधून ठेवला असता, तर ते त्याच्या इभ्रतीला शोभले नसते. शिवाय घोड्याला दाणापाणी लागतो, त्याच्यावर ऊनपाऊस आणि चोर यांचे संकट असते. जिवंत वाहन रस्त्यावर टाकून देता येत नाही.

९/
राज्याच्या पातळीवर तर प्रत्येक वाहनाला स्वतंत्र खाते होते. मराठा राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांच्या यादीत हत्तींचा पीलखाना आणि उंटांचा उष्टरखाना येतो. पुण्याच्या शुक्रवार पेठेत ‘गाडीखाना’ हे नाव आजही महापालिकेच्या दवाखान्याच्या पत्त्यात जिवंत आहे. फारसीतून आलेल्या या ‘खाना’ शब्दाचा अर्थ घर, जागा. या नावांमागचे सूत्र साधे होते : वाहन ठेवायचे तर आधी त्याचे घर पाहिजे. आजच्या पेठांतून रस्त्याची रुंदी हरवलेली नाही. हरवला आहे तो हा गाडीखाना.

१०/
या पेठांना मुळात पदपथ का नव्हते, हेही समजून घेतले पाहिजे. पदपथ ही चालणाऱ्यांना दिलेली चैन नसून वेगवान चाकांपासून त्यांना वाचवण्यासाठी उभारलेला बांध आहे. पाँपेईच्या उत्खननात उंच पदपथ आणि रस्ता ओलांडण्यासाठी मधोमध ठेवलेले दगड सापडतात, कारण तिथे गाड्यांची वर्दळ होती. लंडनमध्ये १७६२ च्या वेस्टमिन्स्टर फरसबंदी कायद्यानंतर पदपथ नीट बांधले जाऊ लागले. पेठेतल्या बोळात मात्र माणूस, बैल आणि पालखी यांचा वेग जवळपास एकच होता. तेथे सगळी गल्लीच पदपथ होती.

११/
म्हणजे जुने पुणे चालणाऱ्यांचा स्वर्ग होते काय? मुळीच नाही. कोण चालू शकतो आणि कोण नाही, हे तेथे जात ठरवत असे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्य मानलेल्या माणसाला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ च्या ग्रंथात नमूद केले आहे. या प्रथेच्या समकालीन पुराव्यांवर अभ्यासकांत चर्चा चालते. परंतु रस्त्यावर जातीची बंधने होती, हे नाकारता येत नाही. जुन्या गल्लीची आठवण काढताना एवढे विसरून चालणार नाही.

१२/
रस्ता ‘सार्वजनिक’ होणे ही म्हणूनच झगडून मिळवलेली गोष्ट आहे. त्रावणकोरात १८९३ साली अय्यंकाळी स्वतःच्या बैलगाडीत बसून सवर्णांनी बंद ठेवलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून गेले. त्याच संस्थानात १९२४ च्या मार्चमध्ये वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी मंदिरप्रवेशाची नव्हती; मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालू द्या, एवढीच होती. वीस महिने लढून नोव्हेंबर १९२५ मध्ये जी तडजोड झाली, तिच्यातही चारपैकी तीनच बाजूंचे रस्ते सर्वांना मोकळे झाले.

१३/
पदपथावरची मोटार आणि अस्पृश्यता यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. तशी ती येथे केलेली नाही. सांगायचे ते वेगळेच. सार्वजनिक रस्ता आपोआप सार्वजनिक राहत नाही. ज्याच्या हाती बळ असते तो त्यावर पसरतो, आणि बाजूला सरायची वेळ नेहमी दुर्बळावर येते. अय्यंकाळींच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट कळते : वाहन हा शत्रू नव्हे. त्यांची बैलगाडी रस्ता मोकळा करण्यासाठी निघाली होती. रस्ता अडवणारे वाहन आणि रस्त्याने जाणारे वाहन यांत फरक केलाच पाहिजे.

१४/
अरुंद गल्लीला आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम उभे केले ते प्लेगने. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात साथ पसरली. दाट वस्ती, हवा-उजेड नसलेली घरे आणि चिंचोळे बोळ यांवर वसाहती सरकारने ठपका ठेवला. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद मार्ग काढले गेले. उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या, ज्यांच्या झाडांच्या सावलीतल्या रस्त्यांचे आजही कौतुक होते.

१५/
त्या रुंदीकरणाची किंमत गरिबांनी मोजली. ट्रस्टने जेवढी घरे पाडली, त्यांच्या तुलनेत गरिबांसाठी बांधलेली घरे अपुरी पडली आणि उठवलेली माणसे शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीने कोंबली गेली. हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा आज आठवायचा कारण ‘गल्ली रुंद करा’ ही मागणी पुण्यात अधूनमधून डोके वर काढते. सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याच्या प्रस्तावावर २०२० मध्ये बराच वाद झाला. परंतु वाढवलेले तीन मीटर चालणाऱ्याला मिळतील की उभ्या मोटारींना, हे आधी ठरवल्याशिवाय रुंदीकरणाला अर्थ नाही.

१६/
विसाव्या शतकात पुणे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले गेले. विद्यार्थी, कारकून, कामगार, प्राध्यापक सारे सायकलवर. तासाच्या भाड्याने सायकली मिळत. सायकल बोळात भिंतीला टेकवली तरी बोळ अडत नसे, आणि रात्री ती जिन्याखाली किंवा चौकात जाई. टांगा भाड्याचा, तो टांग्यांच्या अड्ड्यावर उभा राही आणि घोडा रात्री तबेल्यात. याचा अर्थ, पेठांच्या गल्ल्यांनी घोडे, टांगे आणि सायकली असे तीन-तीन वाहनबदल पचवले. रुंदी तीच होती.

१७/
चौथा बदल मात्र पचला नाही. १९६० नंतर स्कूटर मध्यमवर्गाच्या स्वप्नात आली. १९७२ मध्ये आकुर्डीच्या बजाज कारखान्याची ‘चेतक’ बाजारात उतरली, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. १९९१ नंतर कर्ज, पर्याय आणि पगार तिन्ही वाढले. सरकारने वाहनाची नोंदणी केली, त्यावर कर घेतला, चालवण्याचा परवाना तपासला. एकच प्रश्न कोणत्याही अर्जात विचारला गेला नाही : ही गाडी रात्री कुठे झोपणार?

१८/
त्याच काळात वाडे पडू लागले. भाडेनियंत्रणामुळे मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडणे परवडेना. शेवटी वाडा विकासकाकडे जाई. चौक गेला, देवडी गेली, आणि जेथे सहा बिऱ्हाडे होती तेथे वीस सदनिका आल्या. तळमजल्यावर वाहनतळ दाखवला गेला, तरी कुठे तो अपुरा निघाला, तर कुठे त्यात दुकान किंवा गोदाम थाटले गेले. गल्लीची रुंदी पेशवाईतली राहिली. तिच्यावरचा भार मात्र एकविसाव्या शतकाचा झाला. दोष गल्लीला लागला.

१९/
भार किती? २०१८ मध्ये परिवहन कार्यालयाच्या नोंदींनुसार पुण्यातील वाहने ३६ लाखांवर गेली, तेव्हा शहराची लोकसंख्या साधारण ३५ लाख धरली जात होती. माणसांहून वाहने अधिक. यांत दुचाकींचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्याला कारणही आहे : वेळेवर न येणारी, अपुरी बससेवा. कामावर वेळेत पोचण्यासाठी कर्ज काढून दुचाकी घेणाऱ्याला बेशिस्त म्हणून झोडपणे सोपे आहे. त्याला दुसरा पर्याय कोणी ठेवला होता, हे विचारणे अवघड.

२०/
आता साधे गणित. सहा मीटर रुंदीची गल्ली घ्यावी. एका मध्यम मोटारीची रुंदी पावणेदोन मीटर. दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या की साडेतीन मीटर गेले, उरले अडीच. मोठ्या अग्निशमन गाडीची रुंदीच साधारण अडीच मीटर असते. आरसे आणि वळण धरले तर ती आत येऊच शकत नाही. रुग्णवाहिका कशीबशी येईल. पण स्ट्रेचर उतरवायला दार कुठे उघडणार? लाकडी वाड्यांच्या जुन्या वस्तीत आग लागते, तेव्हा हा अर्धा-एक मीटर कोणाच्या तरी आयुष्याचा हिशेब असतो.

२१/
जागेचे दुसरे गणित याहून बोलके आहे. मोटार उभी करण्यासाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. मुंबईत १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबांनी संसार केले, आणि त्याचे भाडे भरले. पेठेच्या मध्यवस्तीत जवळजवळ तेवढीच सार्वजनिक जमीन एक मोटार रात्रंदिवस वापरते, आणि बहुतेक गल्ल्यांत त्याबद्दल एक पैसाही पडत नाही.

२२/
मराठीत ‘वहिवाट’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. ज्या वाटेने लोक वहिवाटत आले, तिच्यावर त्यांचा हक्क. म्हणून ‘वहिवाटीचा रस्ता’ बंद करता येत नाही, हे खेड्यातल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. शहरात या शब्दाचा उलटा प्रवास झाला. ‘माझी गाडी दहा वर्षे इथेच लागते’ हा दावा आज वहिवाटीच्या सुरात केला जातो. जी वहिवाट जाणाऱ्याला संरक्षण देत होती, तीच उभे राहून अडवणाऱ्याच्या कामी आली. दिली ओसरी, हातपाय पसरी.

२३/
कायदा काय म्हणतो? पदपथावर वाहन उभे करण्यास १९८९ च्या रस्ते-नियमांनी मनाई केली. २०१७ च्या नियमांनी ती कायम ठेवली. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना पदपथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. मुंबईच्या पदपथवासीयांच्या १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यातही न्यायालयाने म्हटले होते की पदपथ चालण्यासाठी आहेत, खासगी वापरासाठी नाहीत. त्या तत्त्वाने बेघरांच्या झोपड्या उठल्या. ते मोटारीला लावताना मात्र हात थरथरतो.

२४/
विरोधी बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या इमारतीत वाहनतळ नाही, भाडेकरूला तो बांधता येत नाही, आजारी आईला दवाखान्यात न्यायला गाडी दारातच हवी : या अडचणी खऱ्या आहेत. मार्च २०१८ मध्ये महापालिकेने वाहनतळ धोरण मंजूर केले, तेव्हा ‘आधी बस सुधारा, मग पैसे मागा’ असा आक्षेप आला आणि अंमलबजावणी मोजक्या रस्त्यांपुरती आकसली. आक्षेपात तथ्य होते. पण त्याचा परिणाम असा झाला की ज्यांच्याकडे गाडीच नाही, जे चालतात किंवा बसची वाट पाहतात, त्यांना ना बस मिळाली ना पदपथ.

२५/
अरुंद गल्ल्यांचे शहर याहून वेगळे वागू शकते, याचा पुरावा जपानमध्ये आहे. टोकियोतील कित्येक निवासी गल्ल्या चार मीटरच्या आसपास आहेत. १९६२ च्या कायद्याने तेथे मोटार घेणाऱ्याला आधी ती ठेवण्याची जागा दाखवावी लागते. ही जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी आणि तिचा दाखला पोलीस ठाण्याकडून घ्यावा लागतो. रस्ता हा गाडी साठवण्याची जागा म्हणून वापरता येणार नाही, असे तोच कायदा बजावतो. दुसऱ्या शब्दांत, जपानने गाडीखाना कायद्यात लिहिला.

२६/
ब्रिटनमधील उदाहरण सावध करणारे आहे. लंडनमध्ये पदपथावर गाडी लावण्यास १९७४ च्या कायद्याने सरसकट बंदी आली. उर्वरित इंग्लंडमध्ये तशी सर्वसाधारण बंदी झाली नाही आणि वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. स्कॉटलंडने २०१९ मध्ये कायदा केला, पण तो राबवण्याचे अधिकार नगरपालिकांच्या हाती डिसेंबर २०२३ मध्ये आले. पुढच्याच महिन्यात एडिनबरोने अंमल सुरू केला. सवय जितकी मुरू द्यावी, तितकी ती हक्काचे रूप घेते आणि मोडायला अधिक वर्षे लागतात.

२७/
पेठांसाठी काय करता येईल? प्रथम, प्रत्येक गल्लीत अग्निशमन गाडीपुरती मोकळी पट्टी आखावी आणि ती कोणत्याही कारणाने अडू देऊ नये. सम-विषम तारखांची पद्धत पुणेकरांना पाठ आहे; अरुंद गल्लीत एकाच बाजूला उभे राहण्याची सक्ती त्यांना नवी वाटणार नाही. दुसरे, कागदावर वाहनतळ असलेल्या इमारतींतील तो वाहनतळ प्रत्यक्षात मोकळा करावा. तिसरे, पेठेपेठेत सामाईक गाडीखाने व्हावेत. रहिवाशांना सवलतीचे भाडे, पण फुकट नाही. चौथे, त्या पैशातून बस आणि पदपथ सुधारावेत. आणि नवी मोटार नोंदवताना तो न विचारलेला प्रश्न एकदाचा विचारावा.

२८/
यांत क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुचाकीवाल्या कामगारावर दंडाची पावती आणि मग कधीतरी बस, असे झाले तर लोक धोरण हाणून पाडतील, आणि ते योग्यच ठरेल. तसेच पदपथ मोकळा करण्याच्या नावाखाली केवळ भाजीवाली उठवली आणि मोटार तशीच राहिली, तर १९८५ चा पक्षपात पुन्हा घडेल. पथविक्रेत्यांना २०१४ च्या कायद्याने नोंदणीचे आणि ठरवून दिलेल्या जागेचे संरक्षण दिले आहे. पदपथावरच्या मोटारीला कोणत्याही कायद्याने असे संरक्षण दिलेले नाही.

२९/
हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलेच एक उदाहरण. ११ डिसेंबर २०२१ रोजी ‘पादचारी दिना’निमित्त महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला. ज्या रस्त्यावर एरवी खांद्याला खांदा घासतो, तेथे मुले मधोमध खेळली आणि वृद्ध माणसे निवांत चालली. रस्त्याची रुंदी त्या दिवशी एका इंचानेही वाढली नव्हती. पुढच्या वर्षांतही हा दिवस पाळला गेला. प्रश्न उरतो तो वर्षाच्या बाकीच्या दिवसांचा.

३०/
‘गल्ल्याच अरुंद’ या उत्तराकडे आता पुन्हा पाहावे. गल्ल्या अरुंद होत्याच. पण त्या अडलेल्या नव्हत्या, कारण वाहन ज्याचे त्याची जागा, हे सूत्र कोणी मोडले नव्हते. ते सूत्र पेशव्यांनी मोडले नाही, प्लेगने नाही, इंग्रजांनीही नाही. ते गेल्या चार-पाच दशकांत, हयात असलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत मोडले. म्हणून ते पुन्हा जोडणेही हयात असलेल्यांच्याच हाती आहे. सेन्नाखेरिबच्या शिळेची जरब नको. ‘दारासमोर गाडी लावू नये’ या पाटीखाली, त्याच रंगात, त्याच ठसक्यात आणखी एक ओळ लिहिली गेली तरी आरंभ होईल : ‘पदपथावरही नाही. आमचीसुद्धा.’